एक जुना, एक नवा

आमच्या वहिनीला टोळीत सगळे ‘वजनकाटा’ म्हणतात. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, कारण तिचा हात किती जड आहे ते टोळीतल्या निम्म्या लोकांनी पाहिलंय आणि उरलेल्या निम्म्यांनी सोसलंय. मी दोन्हींत मोडतो.

ती पाणीखात्याच्या भांडारात बसते. आमची टोळी बोगद्याची. शहराला पाणी पोचवणारा बोगदा डोंगराखालून सात किलोमीटर जातो. वर्षातून दोनदा त्यातलं पाणी अडवतात आणि आम्ही चौदा जण आत शिरून भेगा शोधतो, बुजवतो, गंजलेल्या सळया कापतो. बाहेर कितीही ऊन असो, आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. डोक्यावरचा दिवा पावलांपुरता. छताची भेग बघायची तर मोठा टॉर्च लागतो, नळी अंगठ्याहून थोडी जाड, पण पाण्यात पडला तरी आत थेंब जाणार नाही असा घट्ट. त्यात एकामागे एक दोन सेल बसतात, लिथियमचे, पुन्हा पुन्हा चार्ज होणारे. दिसायला अंगठ्याएवढे, पण प्रत्येकाच्या पोटात आग कोंडलेली आहे असं वहिनी म्हणते. ती उगाच काही म्हणत नाही.

त्या दिवसांत सकाळी सातला तिच्या खिडकीसमोर आमची रांग लागते. प्रत्येक सेल आधी काट्यावर, मग मीटरला, मग खिडकीतल्या उजेडात फिरवून बघायचा. वरचं प्लॅस्टिकचं वेष्टण नखभर जरी फाटलेलं असलं तरी सेल बाद. आमचा वेल्डर एकदा म्हणाला, “ताई, जरासं खरचटलंय, चिकटपट्टी मारतो की.”

“तुझ्या कातडीला मारते चिकटपट्टी,” वहिनी म्हणाली. “ह्याचं सगळं अंग म्हणजे वजा टोक आहे. वरच्या टोकापासून लांब ठेवायला हे एवढंसं वेष्टण. ते गेलं, टॉर्चच्या लोखंडाला टेकलं, की झाला तुझा कोळसा. चल, हो बाजूला.”

वेल्डर बाजूला झाला. त्याचा बापही झाला असता.

हे सगळं ती का करते हे टोळीला ठाऊक आहे. तिचा नवरा, म्हणजे माझा दादा, टॉर्चच्या स्फोटात गेला. सेलवाल्या दुकानदाराने खोटा माल दिला म्हणून गेला, असं दोन वर्षं सगळे मानत होते. मी सोडून. दादाच्या टॉर्चमध्ये तो सेल मी घातला होता. दुकानदाराचा काडीचाही दोष नव्हता हे जगात मला एकट्याला माहीत होतं, आणि वहिनीला ते कळू नये म्हणून मी दोन वर्षं जिवाचं रान केलं.

झालं असं. दादा कडक माणूस. दोन सेल एकाच दिवशी घेणार, एकत्र चार्ज करणार, एकत्र वापरणार, एक दमला की दोन्ही काढणार. जांभळ्या वेष्टणाचे चार सेल त्याने त्या दुकानातून घेतले होते. दोन टॉर्चमध्ये, दोन घरी. त्यांना हात लावलेला त्याला खपत नसे. मी दुसऱ्या टोकाचा. माझे सेल भंगारातल्या लॅपटॉपमधून काढलेले. त्यांची डोकी सपाट, त्यामुळे टॉर्चच्या टोकाला टेकायचे नाहीत. मग मी काय केलं, कागद अडकवायच्या पितळी टाचणीचं गोल डोकं कापून सेलवर चिकटवलं. पेटला की टॉर्च! टोळीत मी सगळ्यांना ती अक्कल दाखवत फिरायचो. मला वाटायचं, आपल्यासारखा हुशार माणूस पाणीखात्यात दुसरा नाही.

त्या दिवशी बोगद्याच्या तोंडाशी पोचलो आणि बघतो तर माझा टॉर्च पिवळा पडलेला. रात्री चार्जिंगला लावायचं विसरलो होतो. दादा जरा पलीकडे बसून गमबूट चढवत होता, त्याचा टॉर्च त्याच्या पिशवीवर. विचारलं असतं तर चार शिव्या मिळाल्या असत्या, म्हणून विचारलं नाही. दोन्ही टॉर्च उघडले, त्याचा एक भरलेला सेल मी घेतला, माझा एक पितळी डोक्याचा त्याच्यात टाकला. एक जुना, एक नवा, दोघांकडे सारखं. भाऊ भाऊ वाटून घेतात तसं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट, आख्खे दोन घेतले नाहीत याचं मनातल्या मनात कौतुकच वाटलं.

तासाभराने दादा शिडीवर होता. छतात ड्रिल मारायचं, म्हणजे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून टॉर्च दातात. आम्ही सगळेच तसं करायचो. टॉर्चचं बूड दाढांत पकडायचं आणि मान वळेल तिकडे झोत. नव्या माणसाला आम्ही ते पहिल्या दिवशी शिकवायचो, म्हणजे आमच्यात आल्यासारखं व्हायचं.

आधी शिट्टीसारखा बारीक आवाज आला. दादाने ड्रिल थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. टॉर्चच्या सांध्यातून पांढरा धूर येत होता. मी “थुंक, थुंक” असं ओरडलो असं टोळीतले सांगतात. मला आठवत नाही. आवाज झाला तो कानात नाही, छातीत बसला. दादा शिडीवरून आडवा खाली आला. खालचा जबडा जागेवर नव्हता. टॉर्चच्या बुडाचं झाकण त्याच्या गालातून बाहेर पडून मागच्या भिंतीत रुतलं होतं. तो जिवंत होता. मी त्याला काखेत हात घालून ओढत निघालो, मागे खोकत खोकत टोळी, आणि सगळीकडे तो गोडसर, घसा जाळणारा वास. त्याने माझी कॉलर पकडली होती. काही सांगायचं होतं, पण सांगायला तोंडच उरलं नव्हतं. बोगद्याचं तोंड रुपयाएवढं दिसायला लागलं तेव्हा कॉलरवरची मूठ सुटली.

माझ्याही टॉर्चमध्ये तसाच एक जुना, एक नवा होता. तो नुसता विझला. मी हातात धरला होता म्हणून की मंद ठेवला होता म्हणून, देव जाणे.

तिसऱ्या दिवशी वहिनी उठली आणि चप्पल घालून थेट त्या दुकानात गेली. मी मागे. चिंचोळं दुकान, काचेच्या कपाटात सेलच्या रांगा, मागे जाड भिंगाचा चष्मा घातलेला सेलवाला. वहिनीने विचारलं, “जांभळे सेल तुझेच ना?” तो म्हणाला, “हो ताई, माझेच, पण—” पुढचं तिने ऐकलं नाही. कपाटावर हात मारून काच फोडली, त्याची गचांडी धरली आणि दोन थोबाडीत दिल्या. दोनच. तिच्या हातातून रक्त वाहत होतं.

मग मी पुढे झालो. शटर ओढायचा लोखंडी गज कोपऱ्यात होता. सेलवाला हात जोडून म्हणत होता, “माल खरा आहे, तपासून घ्या, माल खरा आहे.” ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने गप्प बसावं एवढंच मला हवं होतं. पहिला गज खांद्यावर, दुसरा तोंडावर. चष्मा फुटला. तो खाली पडल्यावरही मी मारत होतो. बरगडी मोडल्याचा आवाज आला, वाळकी काटकी मोडावी तसा. शेवटी वहिनीने मला मागून कवेत धरून ओढलं. “पुरे, भाऊजी! मरेल तो!”

बाहेर गर्दी जमली होती. कुणीतरी म्हणालं, “सख्ख्या भावाचं रक्त आहे, उसळणारच.” मला ते ऐकून बरं वाटलं. आज सांगताना स्वतःच्याच तोंडावर थुंकावंसं वाटतं, पण तेव्हा बरं वाटलं. सेलवाल्याचा डावा डोळा गेला. आमच्यावर कुणी तक्रार केली नाही. उलट खोटा माल विकून माणूस मारला म्हणून खटला त्याच्यावरच उभा राहिला.

दादा गेला म्हणून खात्याने वहिनीला भांडारात नोकरी दिली. पहिल्याच आठवड्यात तिने साहेबांना विचारलं, “चांगला सेल कसा ओळखायचा?” साहेब म्हणाले, “चांगल्या कंपनीचा घ्यायचा.” ती म्हणाली, “कंपनीचं नाव तर कुणीही छापतं.” मग ती मीटर दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या मागे लागली. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलाशी जाऊन बसायची. त्याच्या नाकी नऊ आणले, पण शिकली. भरलेला सेल चार व्होल्ट आणि वर थोडं दाखवतो. अडीचच्या खाली गेलेल्याला पुन्हा चार्ज करायचा मोह धरायचा नाही. चार्ज करून आठ दिवस नुसता ठेवला तरी आकडा पडत असेल तर तो आतून सडलाय. काहींच्या बुडाशी एक बारीकशी चकती असते, जास्त वीज ओढली की ती वाट बंद करते. असे सेल इतरांपेक्षा केसभर लांब असतात, पण तेच घ्यायचे. आणि जोडी कधी मोडायची नाही. प्रत्येक जोडीवर ती एकच आकडा रंगाने लिहू लागली.

त्याच आठवड्यात तिने आमच्या सगळ्यांच्या पिशव्या झाडल्या. माझ्या पिशवीतून पितळी डोक्याचे सहा सेल निघाले. “हे काय?” तिने विचारलं. मी उसनं हसू आणून माझी अक्कल सांगितली. तिने टोळीसमोर माझ्या कानाखाली आवाज काढला. “घरात एक मेला तो पुरेसा नाही का, भाऊजी?” उरलीसुरली वीज मरावी म्हणून सहाच्या सहा सेल तिने मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकले. ते सहा सेल एकदाचे गेले म्हणून मला हलकं वाटलं.

तिचा दरारा बसला तो पुरवठादाराचा माणूस आला तेव्हा. झकपक शर्ट, हातात पन्नास सेलचा खोका, प्रत्येक सेलवर किती वीज मावते त्याचा मोठ्ठा आकडा छापलेला: नऊ हजार नऊशे. वहिनीने एक सेल काट्यावर ठेवला. एकतीस ग्रॅम.

“एवढ्या आकाराच्या सेलमध्ये साडेतीन-चार हजाराच्या वर मावत नाही,” ती म्हणाली. “आणि खरा सेल पंचेचाळीसच्या खाली येत नाही. ह्यातले चौदा ग्रॅम तुम्ही खाल्ले का?”

“ताई, सगळीकडे हेच चालतात हो.”

“बरं. मग हा खिशात टाका. किल्ल्यांचा जुडगा आहे ना? तोही त्याच खिशात.”

तो हसला आणि दोन पावलं मागे सरला. “असं कसं, ताई. धातूला धातू लागला तर पेटेल ना.”

“तुम्ही जो खिशात ठेवायला तयार नाही, तो माझी माणसं दातात धरतात,” ती म्हणाली आणि आख्खा खोका त्याच्या कपाळावर भिरकावला. तीन टाके पडले. साहेबांनी तिला बोलावून समज दिली, पण तो पुरवठादार पुन्हा फिरकला नाही.

इथपर्यंत सगळं माझ्या फायद्याचं होतं. ती खोट्या मालाच्या मागे लागली होती, आणि खोटा माल म्हणजे सेलवाला. मग एके दिवशी तिने घरी राहिलेले दादाचे दोन जांभळे सेल भांडारात आणले. मला बोलावून काट्यावर ठेवले. शेहेचाळीस, शेहेचाळीस. चार्ज करून आठ दिवस ठेवले, आकडा जागचा हलला नाही. पूर्ण रिकामे करून मोजले, छापली होती तेवढीच वीज निघाली.

“हा माल खोटा नाही, भाऊजी.”

“एखादा निघतो की खराब,” मी म्हणालो.

“चारातला एखादा? आणि तोच नेमका ह्यांच्या तोंडात?”

तिने सेल पुसून ठेवले. त्या रविवारी तिने मला भांडारामागच्या भंगाराच्या आवारात नेलं. एका जुन्या टॉर्चमध्ये तिने एक भरलेला आणि एक जवळजवळ रिकामा सेल घातला, झाकण घट्ट आवळलं, टॉर्च लोखंडी खांबाला तारेने करकचून बांधला आणि चालू केला. आम्ही विटांच्या टाकीमागे जाऊन बसलो. पाव तास गेला, अर्धा गेला. झोत लाल होत चालला. मी म्हणालो, “काही होत नाही, वहिनी, चला,” आणि उठलो. तिने कॉलर धरून मला खाली आपटलं. तीच बारीक शिट्टी ऐकू आली. मग आवाज. झाकण भांडाराच्या पत्र्यातून आरपार गेलं, खांबाजवळच्या तारेचे तुकडे टाकीवर ताडताड आदळले. मी कानांवर हात दाबून लहान पोरासारखा ओरडत होतो.

वहिनी उठून उभी राहिली. “भरलेला रिकाम्यातून जबरदस्तीने वीज ढकलतो. रिकामा उलटा भरतो, तापतो, फुगतो. धूर जायला फट नाही.” मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “पण ह्यांनी असं कधी केलं नसतं. जोडी मोडणारा माणूसच नव्हे तो.”

बोलायची ती एक वेळ होती आणि मी ती घालवली.

खटल्यात तिची साक्ष आठ दिवसांनी, सोमवारी होती. माल खोटा होता असं तिने म्हटलं की सेलवाला आत जाणार होता, निदान सात वर्षं. मी तिला रोज पढवत होतो, “दादासाठी, वहिनी. दादाच्या आत्म्यासाठी.” ती म्हणाली, “आधी बघते, मग बोलते.” तिने चौकशी अधिकाऱ्याकडे अर्जावर अर्ज केले, की मी भांडारपाल आहे, तो टॉर्च मला मोजायला द्या. गुरुवारी सकाळी एक शिपाई सीलबंद पिशवी घेऊन आला.

रांग सुटली होती. टोळी ट्रकमध्ये चढत होती. वहिनीने खिडकीतून हाक मारली, “भाऊजी, तुम्ही जरा आत या. मला एकटीला उघडवत नाही.”

मी आत गेलो. तिने सील तोडलं आणि पिशवी टेबलावर रिकामी केली. फाटलेली नळी, त्यावर काळं पडलेलं रक्त. एक सेल शाबूत होता, जांभळं वेष्टण अर्धं जळलेलं. दुसऱ्याची नुसती पोकळ टरफलं. आणि त्याचं डोकं सुटून वेगळं पडलं होतं. तिने ते चिमट्याने उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं, अंगठ्याने काजळी पुसली. काजळीखाली पितळ होतं.

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजत होता. ती वर न बघता म्हणाली, “ह्यांचा दुसरा जांभळा सेल कुठे होता?”

“माझ्या टॉर्चमध्ये,” मी म्हणालो.

“ह्यांना माहीत होतं?”

“नाही.”

टेबलावर माझ्यासाठीच काढून ठेवलेला टॉर्च होता. तिने तो उचलला आणि माझ्या तोंडावर मारला. मी हात वर केले नाहीत. पहिल्याच फटक्यात पुढचे दात गेले, दुसऱ्यात जबड्यात काहीतरी करकन् मोडलं, तिसऱ्यात मी गुडघ्यांवर आलो. रक्ताबरोबर दातांचे तुकडे जमिनीवर पडले. ती ओरडत नव्हती, रडत नव्हती. धापा टाकत होती फक्त. मग तिने टॉर्च जागेवर ठेवला, पितळी डोकं रुमालात बांधलं आणि माझी कॉलर धरली.

“ऊठ. चल.”

आयुष्यात पहिल्यांदा ती मला एकेरीत बोलली.

भर दिवसा, भर रस्त्यातून तिने मला तसंच ओढत नेलं. लोक बाजूला होत होते. सेलवाल्याचं दुकान आता दुकान राहिलं नव्हतं. फुटकं कपाट तसंच होतं आणि तो खाली बसून पंख्याची मोटर गुंडाळत होता. आम्हाला बघताच तो उठून भिंतीला चिकटला आणि दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरले.

वहिनीने मला त्याच्या पुढ्यात ढकललं. “सांग ह्याला.”

मी सांगितलं. पण जबडा मोडलेला, जीभ सुजलेली, तोंडात रक्त. सेलवाल्याने एक डोळा बारीक करून माझ्याकडे बघितलं आणि वहिनीला म्हणाला, “काय म्हणतोय तो? मला कळत नाही.”

“परत सांग,” वहिनी म्हणाली.

मी परत सांगितलं. माझा सेल होता. मी बदलला. तुमचा माल खरा होता. त्याला अर्धंच कळलं. “सेल? कुणाचा सेल?” मी रक्त थुंकलो आणि तिसऱ्यांदा एकेक शब्द सुटा करून सांगितलं. बोलताना जबड्यातून कळा मस्तकात जात होत्या. त्याला कळलं तेव्हा त्याचे हात हळूहळू खाली आले.

तो म्हणाला, “ताईंनी दोन मारल्या ते मला समजलं. त्यांचा माणूस गेला होता. पण तुला तर माहीत होतं माझा माल खरा आहे. मग तू का मारलंस?”

“तुम्ही तेच ओरडून सांगत होतात, म्हणून,” मी म्हणालो.

हे मात्र त्याला पहिल्या वेळीच कळलं.